हात लावल्याची वही

सकाळी नऊला पाच कमी असताना मी गॅरेजसमोर उभं राहून रिमोटचं बटण दाबलं. आत मोटर गुरगुरली, दार अंगठाभर वर आलं, जागच्या जागी थरथरलं आणि परत खाली बसलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. एखाद्याला झोपेतून हलवावं, त्याने एक डोळा उघडून बघावं आणि कूस बदलून घोरायला लागावं, तसं.

मागे बायको उभी होती. इस्त्रीचा शर्ट, घट्ट बांधलेले केस, छातीशी फाइल. फाइलमध्ये तिचं शिकाऊ लायसन होतं आणि त्या लायसनवर शेवटची तारीख होती आजची.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. एक मिनिट."

मी 'एक मिनिट' म्हटलं की बायको घड्याळ बघते. तिने बघितलं.

अकरा वाजता तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा ती रिव्हर्सला नापास झाली होती. एकदा तिने खांब पाडला आणि एकदा परीक्षकांची खुर्ची. परीक्षक तेव्हा हात धुवायला गेले होते म्हणून बरं. शिकवणारा मीच असल्यामुळे मला त्या दोन्ही गोष्टींचं फार वाईट वाटलं होतं. मी इतकं स्पष्ट सांगायचो! डावीकडे म्हणजे तुझं डावं नाही, गाडीचं डावं, आणि गाडी मागे जात असेल तर माझं डावं. याहून सोपं कसं सांगणार?

आज ती पोचली नाही तर अर्ज, शिकाऊ लायसन, महिनाभर थांबणं, सगळं पहिल्यापासून. आणि तिच्याकडे महिना नव्हता. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं मागच्या खोलीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. आता लॅबने घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम सुरू केलं होतं आणि त्याची प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. अट एकच, सोमवारी सकाळी पक्कं लायसन टेबलावर. नाहीतर ती जागा रिसेप्शनवरच्या मुलीला. तिला शीर सापडत नाही, पण गाडी येते.

"दुसऱ्या कोणाची तरी गाडी मागते," बायको म्हणाली.

"चालणार नाही. अर्जात आपल्या गाडीचा नंबर आहे. हीच गाडी आणणार असं लिहून दिलंय."

"कोणी लिहून दिलंय?"

"मी. रकाना होता तिथे. रकाना मोकळा ठेवायचा नसतो."

ती काही बोलली नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झालीत, त्यामुळे काही न बोलण्याचे तिचे किती प्रकार आहेत ते मला माहीत आहे. हा चौथा होता.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडे मशीनला कोणी हात लावला की तिथे टांगलेल्या वहीत लिहायचं. तारीख, वेळ, कोणी, कशाला, आणि शेवटचा रकाना, 'पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार'. या एका वहीमुळे आमचा कारखाना उभा आहे, असं माझं मत आहे. मॅनेजरचं मत वेगळं आहे.

दोन वर्षांपूर्वी हे मोटरचं दार बसवलं तेव्हा तशीच एक वही मी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली. घरच्यांना जमवून सांगितलं, की दाराला, मोटरला, रिमोटला, कशालाही हात लावला तर लिहायचं. तेव्हापासून आजपर्यंत त्या वहीत एका माणसाशिवाय कोणीही लिहिलेलं नाही. तो माणूस मी. त्याचा अर्थ सरळ आहे, बाकी कोणी हात लावलेला नाही. मग दार अडकलं कसं?

"सगळ्यांना बाहेर बोलाव," मी म्हटलं.

"कशाला?"

"चौकशी करायचीय."

"अहो, दार उघडायचंय."

"कारण कळल्याशिवाय दार उघडत नसतं. इथेच आपण चुकतो."

आई आणि मुलगी बाहेर आल्या. आई त्र्याहत्तर वर्षांची. तेवीस वर्षं तिने बेकरीची व्हॅन चालवली, पहाटे सगळ्या गावाला पाव पोचवले. त्यामुळे अजूनही ती चालते तेव्हा वळणावर आधी डावीउजवीकडे बघते. मुलगी कॉलेजात, हातात टोस्ट, डोळे मोबाइलमध्ये.

"काल या दाराला कोणी हात लावला?" मी विचारलं.

"मी नाही," आई म्हणाली.

"मी नाही," मुलगी म्हणाली.

"मी विचारतेय की वेळ किती झालाय," बायको म्हणाली.

मी खाली वाकून दाराच्या फटीतून रुळावर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. वास घेतला.

"हे स्वयंपाकाचं तेल आहे."

मी ते बोट सगळ्यांसमोर धरलं. मग आई म्हणाली, "दोन थेंब टाकले असतील. किती करकरत होतं ते."

"दोन थेंब? आई, इथे पुऱ्या तळून निघतील! आणि वहीत का नाही लिहिलंस?"

"त्या शेवटच्या रकान्यात काय लिहू? पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार? पुन्हा करकरलं तर पुन्हा टाकणार."

मी मुलीकडे वळलो. दाराच्या कडेला बाहेरून, पायाच्या उंचीवर सेन्सरचा छोटा डोळा असतो. समोरच्या डोळ्याकडे तो बघत असतो आणि मध्ये काही आलं की दार थांबतं. आमचा डोळा बघत होता आभाळाकडे. आणि त्याला केसांची क्लिप लावलेली होती. जांभळी.

"ही क्लिप कोणाची?"

"माझी आहे," मुलगी म्हणाली. "पण बाबा, तो डोळा आधीच वाकडा झाला होता. मी उलट नीट केला. माझी सायकल लागली असेल."

"लागली असेल म्हणजे?"

मुलीने आजीकडे बघितलं. आजीने आभाळाकडे बघितलं, म्हणजे सेन्सर बघत होता तिकडेच.

"लागली," मुलगी म्हणाली.

"आणि लिहिलं नाहीस."

"बाबा, मागे मी तिथला दिवा लावला होता, आठवतंय? नुसता दिवा. तू मला 'दिवा का लागला' यावर पाच ओळी लिहायला लावल्या होत्यास."

एवढ्यात बायको म्हणाली, "रिमोटमधला सेल मी काढला होता. वजनकाट्याला हवा होता. मग काट्यातला जुना यात टाकला. झालं? आता उघडा."

मी हतबुद्ध झालो. दोन वर्षं! दोन वर्षं हे लोक माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात, राजरोस हात लावत होते. आणि वहीत त्यांची एक ओळ नाही.

"सव्वानऊ," बायको म्हणाली.

मी सेन्सर सरळ केला. रुमालाने तेल पुसलं. दिवाणखान्यातल्या घड्याळाचा सेल काढून रिमोटमध्ये घातला आणि बटण दाबलं. गुर्र, थरथर, धप्प.

"हवेच्या जाळीतून आतला दिवा मिचमिचतोय," मुलगी म्हणाली. तिने मोबाइलवर माहिती शोधली होती. "तो किती वेळा मिचमिचतो त्यावरून बिघाड कळतो."

"बघा! शास्त्र असतं. मोजा सगळे."

मी बटण दाबलं. आईने सात मोजले, मुलीने पाच, मी सहा. पुन्हा दाबलं. आईने आठ मोजले.

"आजी, आठ म्हणजे भूकंप," मुलगी म्हणाली.

"मग सात धर."

असं करत करत मी एकूण चौदा वेळा बटण दाबलं. चौदाव्या वेळी मोटरचा आवाज बदलला. आधी ती गुरगुरत होती, आता शिट्टी वाजवायला लागली. आणि जाळीतून जळकट वास आला.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "मेकॅनिकला फोन करा."

"दाराचं मला सगळं कळतं."

"मला दाराचं काही कळत नाही. पण मी गेली पस्तीस मिनिटं फाइल धरून तुमचा अंगठा बघतेय. फोन करा."

मी फोन केला. दारवाला हसतमुख आवाजाचा होता, सकाळी असले आवाज मला सहन होत नाहीत. मी त्याला तेल, सेन्सर, सेल, मिचमिच हे सगळं क्रमवार सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, आतली कडी काढलीय ना?"

दाराला आतून एक आडवी लोखंडी कडी असते. मोटर नव्हती तेव्हाची पद्धत. कडी लावली की मोटरच्या बापाला दार हलत नाही.

"अहो, कडी कोण लावतंय?" मी म्हटलं. "मोटर बसवल्यापासून त्या कडीला कोणी शिवलेलं नाही. मी स्वतः तपासनीस आहे."

"नाही, आपलं विचारून ठेवलं. नव्वद टक्के लोकांची तीच निघते."

"आम्ही उरलेले दहा."

"येतो. चाळीस मिनिटं धरा."

चाळीस मिनिटं म्हणजे सव्वादहा. परीक्षेचं मैदान घरापासून वीस मिनिटांवर, आणि अकराला तिथलं फाटक बंद होतं. जमण्यासारखं होतं. पण हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, आतून जाऊ.

गॅरेजला आतून एक छोटं दार आहे, स्वयंपाकघरात उघडणारं. म्हणजे होतं. काल संध्याकाळीच मी त्या दारावर फळ्यांचं शेल्फ बसवलं होतं. त्या दाराचा कोणाला काही उपयोग नव्हता आणि एवढी भिंत फुकट जात होती. चोवीस स्क्रू मारले होते. बसवून झाल्यावर मी स्वतः त्याला लोंबकळून दाखवलं होतं. बायकोने तेव्हा टाळी वाजवली नव्हती, पण तिला आवडलं असावं.

"शेल्फ काढायचं," मी म्हटलं. "स्क्रूचं मशीन आण."

मुलीने मशीन आणलं. मी खटका दाबला. मशीन एकदा 'म्म' म्हणालं आणि मेलं. चोवीस स्क्रूंनी त्याचा जीव घेतला होता.

"चार्जर कुठाय?" मुलीने विचारलं.

"गॅरेजमध्ये."

"साधा स्क्रूड्रायव्हर?"

"पेटीत."

"पेटी कुठाय?"

मी मशीन खाली ठेवलं. काही प्रश्न मुद्दाम विचारले जातात.

आईने शेल्फवरचे डबे भराभर खाली उतरवले, लोणी लावायची बोथट सुरी आणली, पदर खोचला आणि पहिल्या स्क्रूला भिडली. बायको फाइल ओट्यावर ठेवून दुसऱ्या सुरीने खालून सुरुवात करायला लागली. मी मध्ये उभा राहून सांगत होतो, की स्क्रू डावीकडे फिरवायचा, म्हणजे तिचं डावं.

"तू जरा बाहेर उभा राहतोस का?" आई म्हणाली.

"आई, मीच बसवलंय ते. मला त्याची सगळी माहिती आहे."

"बरी आठवण केलीस. हे शेल्फ तू काल गॅरेजमध्ये केलंस ना?"

"हो."

"मग घरात कुठून आणलंस?"

"या दारातून. पुढून फिरवून आणायचं म्हणजे पायऱ्या चढा."

"म्हणजे गॅरेजचं मोठं दार तेव्हा बंद होतं?"

"असेल."

"मग ते बंद कोणी—"

"आई, चौकशी दाराची चाललीय, माझी नाही. तू स्क्रू बघ."

आईने सुनेकडे बघितलं. सुनेने सासूकडे बघितलं. या दोघींचं काहीतरी संगनमत आहे, हे माझ्या हल्ली बऱ्याचदा लक्षात येत होतं. दुपारी मी कारखान्यात असतो. घरी काय चालतं त्याची नोंद कुठेच नसते.

सव्वादहापर्यंत सासूसुनांनी मिळून तीन स्क्रू काढले. बायकोच्या बोटाला चीर पडली. ती स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाली, "लोकांचं रक्त काढायची नोकरी मिळेल ना मिळेल, माझं तरी निघालं." आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा फाटला. "एकोणीस वर्षं, आई. आणि शेवटी काय, तर दार अडकलं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी तिला सांगणार होतो की निराश होऊ नकोस, अजून एकवीसच स्क्रू उरलेत, तेवढ्यात बेल वाजली.

दारवाला आवाजावरून वाटला त्याहून मोठा निघाला. टक्कल, जाड मिश्या, कमरेला अवजारांचा पट्टा. त्याने शेल्फ बघितलं.

"एका शेल्फला एवढे स्क्रू?"

"मजबुतीसाठी."

"याच्यावर काय, गाडी ठेवणार होतात?"

त्याने मशीन लावलं. घर्र, घर्र, घर्र. तीन मिनिटांत एकवीस स्क्रू त्याच्या तळहातावर. शेल्फ बाजूला झालं, छोटं दार उघडलं आणि आम्ही पाचही जण एकामागोमाग एक गॅरेजात शिरलो. गाडी उभी होती, मी काल धुऊनपुसून चकचकीत केलेली, कपाळाला शिकाऊचं स्टिकर. दिवा लावला. दारवाला मोठ्या दाराजवळ गेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

कडी लावलेली होती.

"बघा!" मी ओरडलो. "मी म्हणत होतो ना? कोणीतरी हात लावलाय! कोणी लावली ही कडी? आता मात्र मी सोडणार नाही. आई?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"अगं, तू?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती खिळ्याला टांगलेली वही काढून बघत होती. शेवटचं पान उघडून ती मोठ्याने वाचायला लागली, लॅबमध्ये रिपोर्ट वाचतात तशी, एका सुरात.

"'तारीख, काल. वेळ, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कोणी, मी स्वतः. काय केलं, मोठ्या दाराला आतून कडी लावली. कशाला, उद्या परीक्षा आहे, पुसलेल्या गाडीला कोणी हात लावू नये म्हणून. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार...'" ती थांबली. "'सकाळी आठवणीने सगळ्यांना सांगणे.'"

दारवाल्याने मान वाकवून वहीत बघितलं. मोटरचा जळका वास अजून येत होता.

"अक्षर छान आहे साहेब," दारवाला म्हणाला.

"निदान नोंद तरी सापडली," मी म्हटलं. "वही नसती तर हे कधीच कळलं नसतं."

आता माझं हे वाक्य चुकीचं नव्हतं. पण वेळ चुकली, एवढं मी कबूल करतो. बायकोने वही माझ्या हातात दिली आणि ती ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. काही न बोलण्याचा हा प्रकार नवीन होता. याला नंबर नव्हता.

दहा पंचवीस. दारवाल्याने कडी सरकवली, बटण दाबलं. मोटरने शिट्टी वाजवली. दार जागचं हललं नाही.

"किती वेळा बटण दाबलंत?"

"चौदा," मुलगी म्हणाली.

"आतलं गिअर गेलं. कडी लावून चौदा वेळा म्हणजे, खांबाला बांधलेल्या बैलाला चौदा वेळा चाबूक. हरकत नाही, हाताने उघडू." त्याने मोटरला लोंबणारी लाल दोरी ओढली. दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. मग वाकून त्याने दार उचललं. दार डावीकडून वर आलं आणि उजवीकडून खाली राहिलं.

"उजवीकडची तार पण चाकावरून उतरलीय. धक्क्यांनी. आता हे आपलं आपण वर राहायचं नाही. धरावं लागेल."

"शिडी टेकवू की," मी म्हटलं.

"शिडीवर मी चढणार आहे, तार बसवायला. तुम्ही उजवीकडून धरा."

आम्ही दोघांनी मिळून दार डोक्याच्या वर नेलं. दोन्ही तळवे वर, पाय फाकवून, मी उभा राहिलो. हे दार एवढं जड असतं, याची दोन वर्षांत कुठेच नोंद नव्हती. दहा एकतीस.

"एक मिनिट थांब," मी बायकोला म्हटलं. "मी आलोच. शिकाऊच्या शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसायला लागतं."

"तुम्ही हात काढलात तर हे थेट टपावर येईल," दारवाला म्हणाला.

"मग पोरगी धरेल."

"मी नाही हात लावणार," मुलगी म्हणाली. "वहीत लिहायला लागेल."

गाडीचं दुसरं दार उघडल्याचा आवाज आला. मी मान वळवेपर्यंत आई शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. मांडीवर पर्स. पर्समधून तिने लायसन काढून मला दाखवलं.

"गेल्याच वर्षी नवीन करून आणलंय. अजून चार वर्षं चालतंय. चल गं."

"आई, तिला रिव्हर्स येत नाही! मी सांगितल्याशिवाय तिला... अगं ऐक, आधी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, म्हणजे माझं नाही, गाडीचं..."

बायकोने काच वर केली.

गाडी सुरू झाली. मी डोळे मिटून घेणार होतो, पण उजवा आरसा माझ्या पोटापासून वीतभर अंतरावरून जाणार होता, त्यामुळे उघडे ठेवले. गाडी मागे सरकायला लागली. सरळ. कुठेही न अडखळता. डावीकडे दारवाल्याच्या पोटापासून वीतभर, उजवीकडे माझ्या पोटापासून वीतभर. आम्ही दोघं मध्ये कमान धरून उभे आणि गाडी आमच्यामधून, एखाद्या पाहुणीसारखी, मागे पाय टाकत निघून गेली. बाहेर जाऊन ती एका दमात वळली. आईने काचेतून हात हलवला, आणि गाडी दिसेनाशी झाली.

"छान शिकवलंय साहेब," दारवाला म्हणाला.

"मेहनत घेतली," मी म्हटलं.

त्याने डावीकडची कड कोपऱ्यात सापडलेल्या एकुलत्या बांबूवर टेकवली, शिडी लावली आणि उजवीकडे माझ्या डोक्यावर येऊन काम सुरू केलं.

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

दारवाल्याची पाच मिनिटं आणि माझं एक मिनिट एकाच कारखान्यात बनत असावं. दहा पन्नासला माझ्या खांद्यांना मुंग्या आल्या. अकराला त्या मुंग्या कमरेपर्यंत उतरल्या. मी मनात म्हणत होतो, आता फाटक बंद झालं असेल. पोचल्या असतील की नाही? वाटेत त्या पुलाजवळ नेहमी गर्दी असते, आणि आईला हॉर्न वाजवणारे लोक आवडत नाहीत, ती उतरून बोलायला जाते. मुलगी स्टुलावर बसून दुसरा टोस्ट खात होती.

"तुझी सायकल कुठाय गं?" मी सहज विचारलं. कोपऱ्यात सायकल दिसत होती. तिच्या चाकांमध्ये हवा नव्हती आणि सीटवर बोटभर धूळ होती.

"तिथेच."

"मग तो सेन्सर सायकलने कसा वाकला?"

मुलीने टोस्ट चावला. बराच वेळ चावला.

"बाबा, तू रागावू नकोस. तुझे हात वर आहेत म्हणून सांगते. बंपरने वाकला. तीन आठवडे आजी आईला दुपारी शिकवतेय. रस्त्यावर नेलं तर तू किलोमीटर बघतोस, म्हणून फक्त गॅरेजमधून बाहेर, बाहेरून आत. दिवसातून चाळीस चाळीस वेळा. त्यामुळे दार करकरायला लागलं, म्हणून आजीने तेल घातलं. आणि रिमोटचा सेल संपला, म्हणून आईने काट्यातला घातला."

मी वर बघितलं. वर दारवाला होता. तो हसत नव्हता, पण त्याची शिडी हलत होती.

"आजी कसं शिकवते?" मी विचारलं.

"काही नाही सांगत. शेजारी बसून पेपर वाचते. काही लागलं की म्हणते, 'लागलं बघ.'"

अकरा वीसला माझ्या खिशातला फोन वाजला. हात मोकळे नव्हते. मुलीने तो काढला, ऐकला, "बरं" म्हणाली आणि परत खिशात घातला.

"काय?"

"येतायत."

"पण काय झालं?"

"आई म्हणाली, तिचं तिलाच सांगायचंय."

"झालं," दारवाला वरून म्हणाला. "सोडा हात."

"सोडू?"

"सोडा."

मी सोडले. दार वरच राहिलं. हात मात्र खाली येईनात. वीस मिनिटं मी तसाच, शरण आलेल्या माणसासारखा, गॅरेजच्या तोंडाशी उभा होतो आणि गाडी आली तेव्हाही तसाच होतो. बायकोने काच खाली केली. चेहऱ्यावरून काही कळेना. सव्वीस वर्षांत हा चेहरा मी बघितला नव्हता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

मी झालो. तिने गाडी वळवली आणि उलटी आत घालायला लागली. मी तोंड उघडलं, पण आई शेजारच्या सीटवर पेपर वाचत होती, म्हणून मिटलं. एका दमात गाडी आत गेली. सेन्सरच्या जांभळ्या क्लिपला वारासुद्धा लागला नाही.

बायको उतरली. फाइलमधला कागद काढून तिने माझ्या डोळ्यांसमोर धरला. पास. खाली परीक्षकांचा शेरा होता, 'रिव्हर्स उत्तम'.

"त्यांनी खुर्ची आज लांब ठेवली होती," आई गाडीतून म्हणाली. "उगीच."

मी काहीतरी चांगलं बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण बायको सरळ खिळ्याजवळ गेली, वही काढली, पेन उघडलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांदेखत, लिहायला लागली. चिरलेल्या बोटाला पट्टी होती, त्यामुळे सावकाश लिहीत होती. मी मागून जाऊन बघितलं.

तारीख, आजची. वेळ, अकरा बेचाळीस. कोणी, मी. काय केलं, गाडी बाहेर काढली आणि आत लावली. कशाला, माझं काम होतं.

शेवटच्या रकान्याशी ती थांबली. 'पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.' तिने छापलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं:

'पुन्हा होणार. सोमवारपासून रोज.'